गाळ वाळायच्या आत

चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजल्यावर राहायचं म्हणजे पूर येणार हे धरूनच चालायचं. २६ जुलै २००५ ला पाणी आलं, २२ जुलै २०२१ ला त्याच्याही वर चढलं. वाशिष्ठी आणि शिव नदी भरतीच्या वेळेलाच फुगली, की पाण्याला खाडीकडे वाट उरत नाही. म्हणून घर आवरायचं कसं, हे आधीच ठरलेलं बरं.

पाणी पुरतं ओसरायची वाट बघू नका. मेन स्विच बंद असल्याची खात्री झाली की पाणी घोट्याएवढं उरलेलं असतानाच घरात शिरा आणि खराट्याने तळ ढवळत राहा. गाळ उतरत्या पाण्याबरोबर आपसूक बाहेर जातो. तोच दोन दिवस राहिला तर फावडं लागतं, आणि फरशीच्या सांध्यांतला तर खरवडूनही निघत नाही. मेन बोर्डच बुडाला असेल तर त्याला हात लावू नका, महावितरणला कळवा. पंचनाम्यासाठी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेला टेप लावून फोटो मात्र आधी काढा. सामान हलवलं की पुरावा गेला.

पायात गमबूट हवेतच. कातडीला जखम असेल तर लेप्टोची, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते. आरोग्य केंद्रात विचारा, ते सांगतील तशाच गोळ्या घ्या. फरशी धुऊन झाली की ब्लीचिंग पावडरचं पाणी मारा, पण त्यात अ‍ॅसिड किंवा संडास धुण्याचं लिक्विड अजिबात मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो.

कापसाच्या गाद्या आणि प्लायवूडची कपाटं टाकून द्या, जीव गुंतवू नका. सागवानी फर्निचर वाचतं, पण सावलीत सुकवायचं; उन्हात ठेवलं की तडकतं. फ्रिज आणि पंप मेकॅनिकने बघितल्याशिवाय सुरू करू नयेत. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. स्वच्छ पाण्याच्या परातीत पडू द्या, सैल झाले की एकेक काढून कापडावर पसरा.

खरं काम भिंतींचं. आमच्याकडे जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती. चिरा सच्छिद्र, पाणी पिऊन बसतो आणि ओल पुराच्या खुणेच्याही वर चढते. हातोडीच्या दांड्याने गिलावा ठोकत जा. जिथे पोकळ वाजेल तिथला काढून टाका, आतल्या चिऱ्याला वारा लागू दे. मग घरातून आग्रह सुरू होतो, गणपतीच्या आधी रंग झालाच पाहिजे. आमच्या सासूबाईंचाही होता. त्यावर तोड अशी: मखरामागच्या भिंतीला नुसता चुना मारा. चुन्यातून ओल बाहेर पडते. पुट्टी आणि प्लास्टिक पेंट मारला तर ती आत कोंडते आणि पोपडे निघतात. बाकीचा रंग थंडी पडल्यावर. भिंत सुकली का ते बघायला हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवा. सकाळी आतून दव धरलं असेल तर रंगाऱ्याला परत पाठवा.

आता पुढच्या पावसाची तयारी. गिलावा निघालेलाच आहे तर वायरिंग वरून घ्या आणि स्विचबोर्ड मागच्या पुराच्या खुणेच्या वर बसवा. तळमजल्याची वीज वेगळी बंद करता यायला हवी, म्हणजे वर माळ्यावर दिवा राहतो. ओट्याखाली ट्रॉल्यांऐवजी कडाप्प्याचे कप्पे करा. दिसायला साधे, पण पाइप मारला की स्वच्छ.

पाणी दारातून येण्याआधी मोरीतून आणि कमोडमधून उलटं येतं, हे नवीन लोकांना माहीत नसतं. ड्रेनेजच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. तोवर रेतीची पिशवी प्लास्टिकमध्ये बांधून मोरीच्या भोकावर दाबून ठेवा. गॅसचा रेग्युलेटर काढा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीने बांधा. रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि घरभर धडका मारत फिरतो.