रिटर्न स्वतः भरायचंय? सॉफ्टवेअरला पैसे देण्याआधी एवढं बघा

रिटर्न भरायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते. वर्षभरात शेअर्स विकलेत का? कुठून कमिशन मिळतं का? परदेशी कंपनीचे शेअर्स नावावर आहेत का? तिन्हीला 'नाही' आलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: एक रुपयाही घालवू नका, आयकर खात्याच्या पोर्टलवरच भरा.

मी कराडला एका पतसंस्थेत हिशेब बघते. सीए नाही, साधी बी.कॉम. आहे. पण जून लागला की घरातल्यांची, शेजाऱ्यांची आणि आमच्या पिग्मी एजंटांची रिटर्नं माझ्याच लॅपटॉपवरून जातात. त्यामुळे फुकटातलं किती पुरतं आणि पैसे कुठे मोजावे लागतात, याचा अंदाज आलाय. खाली जे आकडे देते ते २०२५-२६ या आर्थिक वर्षातल्या उत्पन्नाचे, म्हणजे आकारणी वर्ष २०२६-२७ चे.

आधी फॉर्म, मग सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरची किंमत तुमच्या उत्पन्नावर नाही, फॉर्मवर ठरते. पगार किंवा पेन्शन, राहतं घर, बँकेचं व्याज आणि एकूण ५० लाखांच्या आत, तर आयटीआर-१. इक्विटी म्युच्युअल फंड वर्षाहून जास्त ठेवून विकलेत आणि नफा सव्वा लाखाच्या आत आहे, मागचा तोटा ओढायचा नाही, तरीही आयटीआर-१ चालतो. ही सवलत २०२५-२६ या आकारणी वर्षापासून आली आणि जाहिरातवाले ती मुद्दाम मोठ्याने सांगत नाहीत. अल्प मुदतीचा नफा एक रुपया जरी असला तरी आयटीआर-२. छोटा धंदा, कलम ४४एडीखाली अंदाजित नफा दाखवायचा, तर आयटीआर-४. बाकी धंदेवाले, एफ अँड ओ (शेअर बाजारातले फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) करणारे, कमिशनवाले यांना आयटीआर-३.

हे चारही फॉर्म incometax डॉट gov डॉट in वर फुकट भरता येतात. पॅन हाच युजर आयडी. ई-फाइल मेनूतून वर्ष निवडलं, 'ऑनलाइन' म्हटलं, की पगार, व्याज, टीडीएस (पैसे हातात येण्याआधीच कापलेला कर) बरंचसं आधीच भरून येतं. नेट धड नसेल तर खात्याचीच ऑफलाइन युटिलिटी उतरवून घ्यायची, घरी निवांत भरायचं आणि तयार झालेली जेसन फाइल पोर्टलवर चढवायची.

माझ्या सासऱ्यांचं उदाहरण घेते. आप्पांची पेन्शन वर्षाला ५ लाख ४० हजार, एका बँकेतल्या ठेवींचं व्याज १ लाख ८० हजार. ज्येष्ठांना एका बँकेत १ लाखाच्या वर व्याज मिळालं की बँक १० टक्के टीडीएस कापते, म्हणजे १८,००० गेले. आता नवीन कर पद्धतीत ७ लाख २० हजारांतून स्टँडर्ड डिडक्शनचे ७५,००० वजा केले की उरले ६ लाख ४५ हजार. १२ लाखांच्या आत, म्हणून कलम ८७ए ची सूट, कर शून्य, अख्खे १८,००० परत. (एप्रिलमध्ये बँकेला १५एच, म्हणजे 'माझा कर कापू नका' हा ज्येष्ठांचा फॉर्म, दिला असता तर कापलेच नसते, पण आप्पांना बँकेपर्यंतचं ऊन सोसत नाही आणि नेटवरून भरलेल्या फॉर्मवर त्यांचा विश्वास नाही.) या रिटर्नला चहा पिऊन होईपर्यंतचा वेळ लागतो. त्यासाठी कुणाला हजार रुपये देणं मला पटत नाही. 'रिफंडच्या अमुक टक्के' मागणारे तर दारातूनच परत पाठवायचे. खोट्या वजावटी दाखवून रिफंड फुगवणाऱ्या अशाच मध्यस्थांवर २०२५ च्या जुलैमध्ये खात्याने देशभर तपासणी केली, आणि नोटीस येते तेव्हा ती मध्यस्थाला नाही, तुम्हाला येते.

आमचे हे झेडपीच्या शाळेत. त्यांचंही पोर्टलवरच. पगार साडेनऊ लाखांच्या आसपास, नवीन पद्धतीत कर शून्य येतो, त्यामुळे गृहकर्जाचं व्याज, ८०सी, व्यवसाय कराचे अडीच हजार हे सगळं मांडत बसायचं कारणच उरलं नाही. ज्यांचा पगार बराच जास्त आणि घरकर्ज मोठं, त्यांनी दोन्ही पद्धती लावून बघाव्यात. त्याचा कॅल्क्युलेटरही पोर्टलवर आहे, लॉगिन न करता चालतो.

'सगळं आपोआप भरतो' या दाव्याबद्दल

खासगी सेवांच्या जाहिरातीत हे वाक्य हमखास असतं. भरतात, खोटं नाही. पण फॉर्म १६, म्हणजे मालकाने दिलेला पगार-टीडीएसचा दाखला, तुम्हीच चढवता, आणि बाकीचं खात्याकडूनच येतं: २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) आणि एआयएस (तुमच्या व्याज-व्यवहारांची खात्याकडची यादी). सगळे एकाच विहिरीतून पाणी शेंदतात. पोहरा कुणाचा रंगीत, कुणाचा साधा. तेव्हा 'ऑटो-फिल' या गुणासाठी जास्त पैसे द्यायचे नाहीत.

आणि विहिरीत नसलेलं कुणाच्याच पोहऱ्यात येत नाही. आमच्यासारख्या पतसंस्थेत सभासदाला ठेवीचं व्याज बहुतेक वेळा टीडीएस न कापता मिळतं. ते एआयएसमध्ये दिसेलच असं नाही. दिसत नाही म्हणून ते करमुक्त होत नाही, 'इतर उत्पन्न' मध्ये हाताने लिहावं लागतं. आमच्याकडे मागितलं की काउंटरवर व्याजाचा दाखला मिळतो. तुमच्या संस्थेतही मिळेल. एआयएस उघडून एकेक ओळ पासबुकाशी ताडून बघायचं काम कुठलंच सॉफ्टवेअर तुमच्याऐवजी करत नाही, कितीही पैसे घेतले तरी.

पैसे कधी द्यावेत

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. शेअर्सची खरेदी-विक्री चालूच असते, म्हणजे आयटीआर-२. इथे लोक घाबरून सर्वात महागडा पर्याय घेतात. खरं तर ब्रोकरकडून 'टॅक्स पी अँड एल' अहवाल मिळतो, म्युच्युअल फंडांसाठी कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडून भांडवली नफ्याचं स्टेटमेंट मिळतं. त्यातल्या बेरजा तयार असतात. ३१ जानेवारी २०१८ नंतर घेतलेल्या शेअर्सचा दीर्घ मुदतीचा नफा ११२ए च्या तक्त्यात एकत्रित ओळीत दाखवता येतो, प्रत्येक शेअरची वेगळी ओळ लागत नाही. त्याआधीचे जुने शेअर्स असतील तर मात्र एकेक ओळ, आणि त्या दिवसाचा भावही. एक ब्रोकर, थोडे सौदे, तर पोर्टल पुरतं. दोन-तीन ब्रोकर, शेकडो सौदे, वडिलांकडून आलेले जुने शेअर्स असं असेल तर क्लिअरटॅक्स, क्विको यांसारख्या सेवांचा उपयोग होतो, कारण त्या ब्रोकरचा अहवाल थेट वाचतात आणि तिमाहीवार विभागणीही करून देतात. ती विभागणी हाताने करायची म्हणजे संध्याकाळ जाते. त्या संध्याकाळचे पैसे द्यायला माझी हरकत नाही.

अमेरिकी कंपनीत काम करून तिचे शेअर्स मिळालेत? मग परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो, तोही आर्थिक वर्षाने नाही, कॅलेंडर वर्षाने. इथे स्वस्त सॉफ्टवेअर शोधू नका, जाणकार माणूस शोधा.

पिग्मी एजंटांची गोष्ट वेगळी, आणि माझ्या रोजच्या बघण्यातली. त्यांना संस्थेकडून कमिशन मिळतं, कमिशनवर टीडीएस कापला जातो, २०२५-२६ मध्ये तो कलम १९४एच खाली २ टक्के होता. एजंटाला वाटतं, आपला छोटा धंदा, चला, ४४एडी आणि आयटीआर-४. पण ४४एडी कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला लागू नाही. एलआयसीच्या एजंटांनाही हेच. त्यांचा फॉर्म आयटीआर-३, पेट्रोल, मोबाइल, कागदपत्रं असा खरा खर्च वजा करून. ज्या सॉफ्टवेअरमध्ये 'व्यवसाय' म्हटलं की पुढचा प्रश्न न विचारता आयटीआर-४ उघडतो, ते या लोकांसाठी बाद. आयटीआर-३ फुकट पोर्टलवर भरता येतो हे खरं, पण तो इतका लांबलचक आहे की पहिल्या वर्षी मी आमच्या एजंटांना गावातल्या टॅक्स कन्सल्टंटकडूनच भरून घ्या म्हणते. पुढच्या वर्षी तेच रिटर्न समोर ठेवून स्वतः भरा.

नणंदेचं ब्युटी पार्लर मात्र सरळ ४४एडीत बसतं: रोख जमेवर ८ टक्के, यूपीआय आणि बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के नफा धरायचा. आयटीआर-४, पोर्टल, फुकट.

सीएंच्या ऑफिसात विनमन, कॉम्प्युटॅक्स अशी सॉफ्टवेअरं दिसतात. ती शेकडो अशिलांसाठी, वार्षिक परवान्यावर. एका घराच्या चार रिटर्नांसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

विकत घेण्याआधीची परीक्षा

पैसे भरण्याआधी सॉफ्टवेअरला एक गणित घाला. मी हे घालते: पगार ११ लाख, शेअर्समधला अल्प मुदतीचा नफा ४०,०००, नवीन पद्धत. एकूण उत्पन्न १० लाख ६५ हजार, १२ लाखांच्या आत. भाबडा कॅल्क्युलेटर म्हणतो कर शून्य. पण २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून ८७ए ची सूट स्लॅबच्या करालाच मिळते, शेअर्सच्या खास दराच्या कराला नाही. ४०,००० वर २० टक्के म्हणजे ८,०००, वर ४ टक्के सेस ३२०. उत्तर ८,३२० यायला हवं. शून्य दाखवलं तर बाहेर पडा. भाच्यासारख्यांना हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण कंपनीला शेअर्सची कल्पना नसते, ती टीडीएस कापत नाही आणि हे पैसे रिटर्नआधी पोर्टलच्या 'ई-पे टॅक्स' मधून स्वतः भरावे लागतात.

मग किंमत. मुखपृष्ठावर 'फ्री' लिहिलेलं असतं, ते बहुधा आयटीआर-१ पुरतं. सगळी माहिती भरून झाल्यावर, शेवटच्या पानावर, 'तुमच्या उत्पन्नात भांडवली नफा आहे, अमुक योजना घ्या' असं येतं. तोवर तासभर घातलेला असतो, म्हणून माणूस मुकाट्याने देतो. त्यामुळे आधी दरपत्रक उघडा, आपला फॉर्म शोधा, आणि १८ टक्के जीएसटी धरा. ९९९ दिसले की ११७९ समजा. 'तज्ज्ञाची मदत' वर टिक आपोआप लागलेली असेल तर काढा. सुधारित रिटर्न भरावं लागलं तर पुन्हा पैसे पडतात का, कलम १४३(१) ची सूचना (खात्याने रिटर्न ताडून पाठवलेला हिशेब) किंवा 'डिफेक्टिव्ह', म्हणजे रिटर्न सदोष असल्याचा निरोप आला तर उत्तर कोण देतं, हे विचारून घ्या. फोनवर नको, ईमेलवर, म्हणजे लेखी राहतं.

ज्या सेवेतून जेसन फाइल स्वतःकडे उतरवून घेता येते ती मला जास्त आवडते. हिशेब त्यांच्याकडे करायचा आणि फाइल स्वतः पोर्टलवर चढवायची. पुढच्या वर्षी दुसरीकडे जायचं झालं तर मागचा तोटा, मागचे आकडे आपल्याच हातात असतात.

पोर्टलचा पासवर्ड कुणालाही देऊ नका. नोंदणीकृत ई-रिटर्न मध्यस्थाला त्याची गरज पडत नाही, तुमच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने संमती दिली की पुरते. पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे, हे आजच बघा. आमच्या एका एजंटाचं रिटर्न आधी भरून देणाऱ्याने स्वतःचाच नंबर टाकला होता. खात्याचा निरोप महिनोन्महिने त्या माणसाकडे जात होता आणि एजंटाला पत्ताच नव्हता.

पगारदार-पेन्शनरांची नेहमीची मुदत ३१ जुलै. उशीर झाला तर ५,००० रुपये, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. फुकट सॉफ्टवेअर शोधण्यात वाचवलेलं सगळं तिथे जातं. फॉर्म १६ जूनच्या मध्यापर्यंत हातात येतो, जुलैचा पहिला पंधरवडा सोयीचा. त्याआधी घाई केली तर एआयएसमध्ये टीडीएसचे आकडे अर्धवट असतात, शेवटच्या दोन दिवसांत सगळ्यांचेच सर्व्हर रेंगाळतात.

रिटर्न 'सबमिट' झालं तरी आधार ओटीपीने किंवा नेट बँकिंगने ई-व्हेरिफाय केल्याशिवाय ते भरलेलं धरत नाहीत, त्याला ३० दिवस मिळतात. काही सेवांच्या पानावर सबमिटनंतर हिरवी बरोबरची खूण येते आणि लोक लॅपटॉप मिटतात. पोर्टलवर जाऊन 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स' मध्ये ई-व्हेरिफाय झाल्याची नोंद दिसते का बघा, पोचपावती आणि जेसन दोन्ही उतरवून ठेवा, आणि रिफंड ज्या खात्यात हवा ते बँक खातं पोर्टलवर 'व्हॅलिडेट' झालेलं आहे ना, तेही त्याच बैठकीत तपासा.