मोबाईलच्या लहरी, डोकेदुखी आणि घरच्या घरी करायची पडताळणी

माळवदावर चढल्याशिवाय रेंज येत नाही, ही बालाघाटच्या डोंगरातील अनेक गावांची जुनी तक्रार आहे. मोबाईलच्या लहरींची धास्ती वाटणाऱ्याने टॉवरकडे बोट दाखवण्याआधी याच तक्रारीचा विचार करावा. सिग्नल क्षीण असला की टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी हँडसेट स्वतःची शक्ती वाढवतो, आणि तो कानाला चिकटलेला असल्याने त्याचा भार डोक्यावर पडतो. म्हणून जाड मातीच्या भिंतींच्या खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये रेंजची एकच रेघ दिसत असताना लांबलचक बोलू नये. अंगणात यावे, अथवा स्पीकर किंवा वायरचा इअरफोन वापरून फोन हातभर दूर धरावा. अंतर वाढले की लहरींची तीव्रता झपाट्याने घटते. किरणे अडवणारी म्हणून विकली जाणारी चिकटपट्टी मात्र घेऊ नये, कारण तिने खरोखरच अँटेना झाकला, तर हँडसेट आणखी जोर लावील.

रात्रीच्या पाळीची वीज कधी येईल याचा नेम नसल्याने मोटारीच्या मोबाईल स्टार्टरचा फोन उशाखाली घेऊन झोपणारे शेतकरी आपल्याकडे घरोघरी आहेत. तो फोन रिंग मोठी करून भिंतीतल्या दिवळीत ठेवल्यास कामही अडत नाही आणि अंतरही राखले जाते.

*#०७# हा क्रमांक दाबल्यावर बहुतेक फोनवर एसएआरचा, म्हणजे शरीर फोनच्या लहरींची किती ऊर्जा शोषते त्याचा, आकडा दिसतो. भारतात त्याची कमाल मर्यादा १ ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून प्रतिकिलो १.६ वॅट इतकी आहे. हा आकडा फोन पूर्ण शक्तीवर चालवून मोजलेला असतो, त्यामुळे ०.८ आणि १.१ यांतल्या फरकावरून फोन निवडण्यात फारसा अर्थ नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘२ ब’, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले. त्याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, धोका सिद्ध झाला आहे असा नव्हे.

फोन किंवा वायफायजवळ डोके दुखते, झोप लागत नाही, अंगाला मुंग्या येतात, असे सांगणाऱ्यांना खोटे ठरवू नये, कारण तो त्रास खराच असतो. मात्र लहरी चालू आहेत की बंद हे न सांगता घेतलेल्या चाचण्यांत अशा व्यक्तींना तो फरक सातत्याने ओळखता आलेला नाही.

हीच चाचणी घरी करता येते. माझ्या मावशीची तक्रार राउटरबद्दल होती. राउटरचे दिवे कापडाने झाकले; तिच्या नकळत नाणे उडवून, छाप आला तर तो चालू आणि काटा आला तर बंद ठेवायचा, आणि तासाभराने तिने आपला अंदाज व त्रास वहीत लिहायचा, असे ठरले. घरातल्या सर्वांचे इंटरनेट त्या वेळी बंद ठेवावे लागते, नाहीतर नातवंडांच्या ओरड्यानेच उत्तर फुटते. दहापैकी पाच अंदाज बरोबर निघाले, म्हणजे नाण्याइतकेच. वहीत दुसरीच गोष्ट दिसली: दुखण्याचे बहुतेक दिवस एकादशी-चतुर्थीचे, दुपारपर्यंत पाणीही न घेतलेले होते. तेव्हा जेवण, झोप, पाणी, ऊन आणि फोन यांची दोन आठवडे नोंद ठेवावी व ती वही डॉक्टरांना दाखवून रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.

टॉवरविषयीच शंका उरली, तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या पोर्टलवर माहिती पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीचा अर्जही करता येतो. डोकेदुखी अचानक आणि कधी नव्हे इतकी तीव्र झाली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हातातली शक्ती गेली, तर राउटरची वायर उपटत बसू नये. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.