टच स्क्रीन घेताय? आधी दहा मिनिटं हात वर धरून बघा

दिवाळी जवळ आली की आमच्या भावकीत कुणीतरी कॉम्प्युटर घ्यायला निघतंय आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानाच्या पायरीवरनं मला फोन, "टच घेऊ का साधा?" म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पैसे द्यायच्या आधी घरातल्या मॉनिटरसमोर नेहमीसारखं बसा आणि माऊसला हात न लावता दहा मिनिटं स्क्रीनवर बोट लावायचं नुसतं नाटक करा, फाईल उघडली, बंद केली, पान खाली सरकवलं, असं. पाचव्या मिनिटाला खांदा बोलायला लागतोय बघा. हे दुखणं लई जुनं, एचपीनं १९८३ ला टचवाला एचपी-१५० कॉम्प्युटर काढलेला, आणि उभ्या स्क्रीनवर हात भरून येण्याला 'गोरिला आर्म' असं नावच पडलंय. २०१२ ला विंडोज ८ मध्ये स्टार्ट मेनू काढून बोटानं दाबायला मोठमोठ्या टाईल्स (चौकोनी बटणं) टाकल्या, लोक वैतागले, शेवटी विंडोज १० ला मेनू परत आणावा लागला.

त्यामुळं टेबलावरच्या डेस्कटॉपला टच नकोच, ते पैसे रॅम (चालू कामाची मेमरी) नाहीतर एसएसडीत (फायली साठवायची वेगवान डिस्क) घाला. एक्सेलमध्ये तर बोटाखाली दोन-तीन सेल झाकतात, मग कुठला धरला तेच कळत नाही.

लॅपटॉपचं वेगळं, त्यातनं ३६० अंशात उलटा फिरणारा असेल तर. आमच्या आईला डबल क्लिक कधी जमलं नाही, पण फोन सराईत वापरते, तिला हा तंबूसारखा उभा करून ओट्यावर दिला आणि गाडी सुटली (पांढऱ्या रश्शाला तिला रेसिपी लागत नाही, केकला लागते). फक्त हात कोरडा पाहिजे, कारण ही काच बोटामुळं विजेच्या भारात पडणारा फरक ओळखते, मधे पाणी आलं की गोंधळते.

दुकानात दोन गोष्टी बघा. पोरांना गणितं सोडवायला, चित्रं काढायला पेन लागणार असेल तर अॅक्टिव्ह पेन (स्क्रीनवर लिहायचा इलेक्ट्रॉनिक पेन) चालतो का ते स्पष्ट विचारा, टच आहे म्हणजे चालतोच असं नाही. आणि स्क्रीन बंद करून बघा, बऱ्याच टच स्क्रीन चकचकीत असतात, खिडकीसमोर बसलात तर कामापेक्षा स्वतःचं तोंडच जास्त दिसतंय.

वेगळा टच मॉनिटर घेतलाच तर एचडीएमआय केबलनं चित्र आणि आवाजच येतो, टचसाठी यूएसबी केबलपण जोडायची. मी याच्यात अख्खी संध्याकाळ घालवली, वर दोन मॉनिटर जोडलेले, बोट एकावर आणि क्लिक दुसऱ्यावर! कंट्रोल पॅनलमध्ये टॅबलेट पीसी सेटिंग्जमधलं सेटअप दाबायचं, ज्या स्क्रीनवर सूचना येते तिथं बोट लावायचं, झालं.

पुसायला मायक्रोफायबर कापड, हवं तर जरासं ओलं. खिडकीची काच पुसायचा स्प्रे मारू नका.

आणि घेऊन झालाय, पोरगं सारखं बोट घालतंय, असं असेल तर विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजर उघडा, ह्युमन इंटरफेस डिव्हायसेसमध्ये टच स्क्रीन असं लिहिलेली ओळ शोधा, राईट क्लिक, डिसेबल. पोरगं रडायला लागलं की तिथंच इनेबल.