कामावरून काढल्यावर कागदपत्रं तयार करताना या चुका टाळा

रुग्णालयाने काढून टाकलेली नर्स किंवा ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन वकिलाकडे पोचते तेव्हा बाजू बहुतेकदा खरी असते, कागद मात्र कच्चे असतात. पुढच्या चुका वर्षानुवर्षं त्याच आहेत आणि बहुतेक पहिल्या पंधरा दिवसांत होतात.

सर्वात घातक चूक दिसायला क्षुल्लक आहे: पत्रावर आपोआप बदलणारी तारीख. वर्डमध्ये तारीख घालताना ‘आपोआप अद्ययावत करा’ या चौकटीत खूण राहिली, किंवा घाईत ऑल्ट-शिफ्ट-डी दाबलं, की कागदावर उमटते ती तारीख नसते, फील्ड असतं. फाइल जेव्हा प्रिंट कराल तेव्हा त्या दिवसाची तारीख छापली जाते. एका स्टाफ नर्सने चार्जशीटला, म्हणजे व्यवस्थापनाने दिलेल्या आरोपपत्राला, मुदतीत, तिसऱ्याच दिवशी उत्तर दिलं. पोच घेतली नाही, सहीची प्रत ठेवली नाही, ‘फाइल आहे ना’ एवढाच भरवसा. पाच महिन्यांनी तीच फाइल उघडून कोर्टासाठी प्रिंट काढली, तर उत्तरावर पाच महिन्यांनंतरची तारीख. उत्तर मिळालंच नाही, हे आता बनवलंय, असं व्यवस्थापनाने म्हणायला वाव मिळाला. खऱ्या उत्तरावर संशय आला तो एका खुणेमुळे.

उपाय साधा आहे. तारीख हाताने टाइप करा. जुनी फाइल असेल तर तिची प्रत काढा, प्रतीत सगळा मजकूर निवडून कंट्रोल-शिफ्ट-एफ9 दाबा; फील्डं साध्या मजकुरात बदलतात. लिबरऑफिस रायटरमध्ये स्थिर आणि बदलणारी तारीख असे दोन वेगळे पर्याय आहेत, स्थिर निवडा. पत्र पाठवलं त्याच दिवशी पीडीएफ करा, सही केलेली प्रत स्कॅन करा, आणि फाइलच्या नावात तारीख उलटी लिहा: 2025-03-12-चार्जशीट-उत्तर. अशा फाइली आपोआप क्रमाने लागतात. स्पीड पोस्टची पावती आणि ट्रॅकिंगच्या पानाचा प्रिंट त्याच फोल्डरमध्ये जायला हवा.

सॉफ्टवेअर कोणतं, हा प्रश्न लोक उगाच मोठा करतात. वर्ड चालेल, फुकटचं लिबरऑफिस चालेल, गूगल डॉक्सही चालेल, कारण त्यात जुन्या आवृत्त्या राहतात. फक्त खातं रुग्णालयाचं नको: काढल्याच्या दिवशी ते बंद होतं आणि मसुदेही हातचे जातात. खरी अट फॉन्टची आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या मजकुरात आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात; तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर आरोपपत्राचं उत्तर म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग होते, आणि ‘मेमो’ शब्द शोधला तर सापडत नाही. टायपिंगवाल्याला आधीच सांगा: युनिकोडमध्येच हवं. मंगल, कोकिळा, नोटो, कोणताही चालतो. ए-4 कागद, 14 चा टाइप, ओळींत दीडपट अंतर आणि डावीकडे 4 सेंमी समास ठेवला की फाइलला भोकं पाडल्यावर अक्षरं जात नाहीत.

परिच्छेदांचे आपोआप पडणारे क्रमांक मसुद्यापुरतेच ठीक. मध्ये एक परिच्छेद घुसवला की ‘परिच्छेद 7 मध्ये म्हटल्याप्रमाणे’ हे वाक्य भलत्याच परिच्छेदाकडे बोट दाखवतं. समोरचा पक्ष तुमच्या क्रमांकांना क्रमांकानेच उत्तर देतो, म्हणून दाखल केलेली प्रत गोठवा आणि पुढचे बदल वेगळ्या फाइलमध्ये करा.

दुसरी मोठी चूक पुरावा गोळा करण्याची. आपण औषध वेळेवर दिलं हे दाखवायला लोक रुग्णाचा केसपेपर आणि औषधांच्या चार्टचे फोटो काढतात आणि ग्रुपवर टाकतात. रुग्णाची गुप्तता मोडली, हा नवा आणि आधीच्यापेक्षा भक्कम आरोप तुम्ही स्वतःच व्यवस्थापनाच्या हातात दिला. काढल्यावर सहकाऱ्याच्या लॉगिनने सिस्टीममध्ये शिरणं तर गुन्ह्याच्या दारात जाणं आहे. त्याऐवजी तारीख, शिफ्ट, वॉर्ड आणि रजिस्टरचं नाव टिपून ठेवा: ‘रात्रपाळी, मेडिकल आयसीयू, हँडओव्हर रजिस्टर’. मग ते मूळ रजिस्टर हजर करायला लावावं असा अर्ज कोर्टात करा. आपल्या कागदात रुग्णाचं नाव आणि आयपीडी नंबर लिहू नका.

स्वतःचा ड्यूटी रोस्टर मात्र जरूर जपा. ‘इन्चार्ज’ असं पद लावून ‘ही कामगार नाही, पर्यवेक्षक आहे, म्हणून कामगार कायदा लागू नाही’ हा व्यवस्थापनाचा बचाव ठरलेला असतो. निर्णय पदनामावर नाही, प्रत्यक्ष कामावर होतो. तुम्ही रोज सलाइन लावत होता आणि ड्रेसिंग करत होता हे रोस्टरमधून दिसतं.

व्हॉट्सअॅपचा स्क्रीनशॉट कापून प्रिंट काढला की पुरावा झाला, हा समज सोडा. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीचा वाद व्हिडिओ चित्रीकरणापाशी येऊन थांबला, आणि 14 जुलै 2020 रोजी खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: मूळ उपकरण समोर आणणार नसाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आवश्यक. 1 जुलै 2024 पासून त्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा ओळख-संकेत, द्यावा लागतो. कामगार न्यायालय पुराव्याच्या नियमांना काटेकोर बांधलेलं नसलं तरी समोरचा वकील हा मुद्दा काढतोच. म्हणून फोन विकू नका, रीसेट करू नका, चॅट पूर्ण एक्स्पोर्ट करा. फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरवला की त्याची फाइल दाबून लहान होते आणि हॅश बदलतो. मूळ फाइल केबलने काढा.

आता थोडक्यात. चार्जशीट नाकारू नका; ‘मिळाले, मजकूर मान्य नाही’ लिहून तारीख-वेळ टाका. ‘राजीनामा द्या, अनुभवपत्र देतो’ या आमिषाला बळी पडलात तर ती बडतर्फी उरतच नाही. सही झालीच असेल तर तो स्वीकारला जाण्याआधी लेखी मागे घ्या. चौकशीला गैरहजर राहू नका. चॅटबॉटने दिलेले निकालांचे दाखले मूळ निकाल उघडून वाचल्याशिवाय घालू नका, काही अस्तित्वातच नसतात.

मुदतीबद्दल आळस नको. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखालच्या तक्रारीला 90 दिवस आहेत. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण द्यावं लागतं. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात तीन वर्षं होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती दोन आहेत. काढल्याची तारीख वकिलाला पहिल्या वाक्यात सांगा.

आणि मागील पगार मागत असाल तर ‘काढल्यापासून मला कुठेही लाभदायक नोकरी नाही’ हे तक्रारीत लिहायलाच हवं. 2013 च्या दीपाली सुरवसे निकालाप्रमाणे ते म्हणण्याची जबाबदारी कर्मचाऱ्याची आहे. त्यानंतर ते खोटं ठरवण्याचा भार मालकावर जातो. नर्सिंग ब्यूरोतून घरी रुग्ण सांभाळून काही कमावलं असेल तर महिना आणि रक्कम सांगून टाका. बँकेच्या उताऱ्यात ते दिसणारच आहे.