शिवारातले देव आणि शेतांची नावं कशी नोंदवावीत

सुरुवात सातबाऱ्यापासून करा. त्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो. भरलेला असेल तर गट क्रमांकासकट उतरवून घ्या. मौजाच्या नावापुढे 'रिठी' दिसलं की थांबा. ते उठलेलं गाव. वस्ती गेली तरी तिथला मारोती किंवा मातामाय पुष्कळदा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कडुनिंबाखाली सापडते, आणि शेजारचं गाव तिला शेंदूर लावत असतं.

मग गुराख्याला सोबत घेऊन पांदणीनं चाला. नाव कानावर पडेल तसंच लिहा. 'शुद्ध' केलं की अर्थ पुसला जातो. 'असं का म्हणतात?' हे तीन वेगळ्या घरी विचारा, उत्तरं जुळली नाहीत तरी तिन्ही ठेवा. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ दरम्यान शाळकरी मुलांनी म्हाताऱ्यांकडून अशाच गोष्टी वह्यांत उतरवल्या. आपल्या जिल्हा परिषद शाळांतली पोरंही हे सहज करतील.

फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, दुपारी कोरीव रेषा सपाट दिसतात. शेंदराचा थर मात्र खरवडू नका, खाली वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीची कोरीव शिळा, असली तरी. दगडाचे पापुद्रे निघतात, आणि देव गावाचा आहे. पोळ्याला तिथं पहिला नारळ कोण फोडतं, तेही लिहा.