आईबाबा संशयास्पद योजनेत अडकताहेत असं वाटतंय? या चुका टाळा

माझ्या बाबांनी अख्खी नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात केली. व्हाउचरमधली दोन रुपयांची तफावत सापडेपर्यंत जेवायला न उठणारा माणूस. त्यांनीच एका दिवाळीत, नागपूरच्या मानेवाड्याच्या घरी, फराळाच्या ताटाशेजारी एक चकचकीत निळी फाईल ठेवली आणि म्हणाले, "महिन्याला चार टक्के. आठ महिने झाले, एकदाही चुकलं नाही."

त्यानंतर मी ज्या क्रमाने चुका केल्या, जवळजवळ त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. तुमच्या घरी अशी फाईल आली असेल तर निदान पहिली चूक तरी करू नका. बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात.

चारचौघांत चूक दाखवणं

मी माझ्या नवऱ्यासमोर, म्हणजे त्यांच्या जावयासमोर, म्हणाले, "बाबा, तुम्हाला सरळ लुटताहेत." बाबांनी फाईल मिटली. "पैसे येऊन राहिले ना? मंग? तू पुण्यात बसून मला हिशेब शिकवून राहिली?" एवढंच बोलले. पुढचे चार महिने फोनवर ऊन, पाणी आणि नातवंडं यापलीकडे विषय गेला नाही. त्या चार महिन्यांत त्यांनी आणखी एक लाख भरले. हे आईने मला गॅलरीत जाऊन, हळू आवाजात सांगितलं.

लाज वाटली की माणूस गप्प होतो, आणि घरात गप्प झालेला माणूस योजनेवाल्यांशी जास्त बोलतो. तिथे त्यांना कुणी वेड्यात काढत नाही. उलट 'साहेब, साहेब' म्हणतात, वाढदिवसाला शाल देतात.

दुसरं म्हणजे ही योजना अनोळखी माणूस क्वचितच आणतो. आमच्याकडे ती आणली बाबांच्या सकाळच्या फिरण्यातल्या सोबत्याने, जुन्या सहकाऱ्याने. आईला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा आम्ही दोन्ही भावंडं बाहेरगावी होतो, आणि हेच काका धावून आले होते. त्यांना मी चोर म्हटलं, तर बाबा कुणाची बाजू घेणार? आणि ते चोर नव्हतेच. त्यांच्या निवृत्तीचे पैसेही त्याच योजनेत होते. "काकांचीही फसवणूक होत असेल तर?" हा प्रश्न मी दिवाळीतच विचारायला हवा होता.

व्याख्यान देणं

'पॉन्झी स्कीम'वरचे व्हिडिओ मी व्हॉट्सॲपवर पाठवले. बाबांनी एकही उघडला नाही. मार्चमध्ये नागपूरला गेले तेव्हा वेगळी वाट धरली. म्हटलं, "बाबा, तुम्ही ऑडिटच्या वेळी तपासायचे तशी ही फाईल एकदा तपासून द्या ना. मला यातलं कळत नाही." ते खोटं नव्हतं. नोंदी वाचायचं काम त्यांना माझ्यापेक्षा खरंच चांगलं येतं.

ते चष्मा लावून बसले. एका बाजूला पासबुक, दुसऱ्या बाजूला कंपनीची पावती. मी तीनच प्रश्न विचारले. पैसे कुणाच्या खात्यात गेले? महिन्याचे पैसे कुणाच्या खात्यातून येतात? आज मुद्दल मागितलं तर ते कधी मिळेल, असं कुठे लिहिलंय?

पहिला लाख कंपनीच्या खात्यात गेला होता, पुढचे एका व्यक्तीच्या खात्यात. आणि दरमहा येणाऱ्या रकमेपुढे कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. जूनमध्ये एक नाव, जुलैत दुसरं, ऑगस्टमध्ये तिसरंच. बाबा पेन्सिलीने एकेका नावाखाली रेघ मारत गेले. सातव्या रेघेला थांबले आणि आईला म्हणाले, "चहा कर थोडा." त्या दिवशी मी पुढे काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती.

'पैसे येताहेत' या वाक्यापुढे गप्प बसणं

या वाक्याचं उत्तर रागात नाही, कागदावर द्यावं लागतं. ४ लाखांवर महिना ४ टक्के म्हणजे १६,००० रुपये. १० महिन्यांत हातात आले १,६०,०००. तुमचेच ४ लाख तुम्हाला परत मिळायला या हिशेबाने २५ महिने लागतात. तोवर जे येतं ते व्याज आहे की तुमच्याच मुद्दलाचे तुकडे, हे पासबुक बघून कळत नाही. नव्या माणसाच्या पैशातून जुन्याला 'परतावा' द्यायचा, एवढीच यातली युक्ती. १९२० मध्ये बोस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झीने ४५ दिवसांत ५० टक्के देतो म्हणून हेच केलं. म्हणून नाव त्याचं.

नागपूरला तर आठवण करून द्यायचीही गरज पडू नये. २०१३ मध्ये श्रीसूर्या आणि २०१४ मध्ये वासनकर या गुंतवणूक कंपन्यांची प्रकरणं पोलिसांत गेली, तेव्हा रांगेत चांगली शिकलेली, नोकरी केलेली माणसं होती. 'आपण शिकलेलो, आपल्याला कोण फसवणार' हा भरवसा इथे कामाचा नाही.

योजना तपासायची एक साधी रीत आहे. व्याज नका मागू, पूर्ण मुद्दल मागा. 'मुलीच्या फ्लॅटसाठी हवेत' असं सांगा. खरी संस्था मुदतपूर्व दंड कापून का होईना, ठरलेल्या दिवशी पैसे देते. इथे मात्र आधी 'आत्ता काढाल तर बोनस जाईल', मग 'सर्व्हर डाऊन आहे', मग 'साहेब बाहेरगावी गेलेत' सुरू होतं.

प्रमाणपत्रांना भुलणं

फाईलमध्ये कंपनी नोंदणीचा दाखला होता, जीएसटी होता, छोट्या उद्योगांना मिळते ती उद्यम नोंदणी होती. तिन्ही खरेही असू शकतात. पण यातला एकही कागद लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी देत नाही. पानठेला चालवायलाही उद्यम नोंदणी मिळते. ठेवी घेणाऱ्यावर कुणाची तरी नजर असावी लागते: रिझर्व्ह बँक, शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी, सहकार खातं, असं कुणीतरी. रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' हे संकेतस्थळ यासाठीच आहे. संस्थेला परवानगी आहे का ते तिथे बघता येतं, तक्रारही करता येते. 'आम्ही शेअर बाजारात लावतो' असं कुणी म्हटलं तर सेबीच्या यादीत नोंदणी क्रमांक शोधा, आणि शेअर ज्यात जमा होतात ते डिमॅट खातं आईबाबांच्याच नावावर आहे ना, ते बघा. नोंदणी असलेल्या माणसालाही ठरावीक परताव्याची हमी देता येत नाही.

पतसंस्थेबद्दलही एक गैरसमज घरोघरी आहे. ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थांना तो नाही.

आईच्या भिशीकडे दुर्लक्ष करणं

मी सगळं लक्ष बाबांच्या पैशांवर ठेवलं. आईने तेवढ्यात भिशीतल्या दोघींना योजनेची माहिती दिली होती, 'एक टक्का आपल्याला मिळतो' म्हणून. हे सगळ्यात आधी थांबवायला हवं होतं. आपले पैसे बुडाले तर एक दुःख. शेजारणीचे आपल्या शब्दावर बुडाले तर मोहल्ल्यात उठणं-बसणं कठीण होतं. शिवाय २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगून अशा योजनेसाठी दुसऱ्याला तयार करणं हाही गुन्हा आहे. हे आईला भीती घालायला सांगू नका, पण सांगा. माझी आई त्याच संध्याकाळी दोघींच्या घरी जाऊन आली. एकीने अजून पैसे भरले नव्हते.

'काढून घ्या' म्हणायचं, पण ठेवायचे कुठे ते न सांगणं

चार टक्क्यांमागे लोभच असतो असं नाही. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च समोर होता आणि आमच्याकडे मागायचं नाही, हे बाबांनी मनाशी ठरवलं होतं. त्यांना दर महिन्याला काही रक्कम हवी होती. ती गरज तशीच ठेवून फक्त योजना सोडवली, तर सहा महिन्यांनी दुसरी फाईल येते.

पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना ६० वर्षांपुढच्यांसाठी आहे. मुदत ५ वर्षं, मर्यादा ३० लाख, व्याज दर तिमाहीला. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, म्हणून खातं उघडण्याआधी विचारून घ्या. ८.२ ने ४ लाखांवर तिमाहीला ८,२०० रुपये येतात. महिन्याच्या १६,००० च्या पुढे ते थोडे दिसतात, हे मान्य करूनच बोला. आणि ऑपरेशनच्या खर्चाचं आपण भावंडांनी उघड बोलून टाका. आमच्याकडे निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

हप्ता थांबल्यावर वाट बघणं

बाबांनी पाच लाखांचं मुद्दल मागितलं. दीड लाख आले, मग हप्तेही थांबले. 'तक्रार केली तर सगळ्यांचेच पैसे अडकतील' असा मेसेज योजनेतल्या लोकांच्या ग्रुपवर फिरू लागला. असा मेसेज आला की थांबूच नका. त्या ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी सगळ्या संभाषणाची प्रत काढून ठेवा. पावत्या, पासबुक, करारनामा, कार्यक्रमाची पत्रिका, एजंटचे मेसेज, सगळं तारीखवार लावा.

तक्रार शहर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत किंवा जवळच्या ठाण्यात. १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायद्यात मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटायची सोय आहे. वेळ फार लागतो, पण वाटपाच्या यादीत नाव यायला कागद लागतात. पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर फोन करा, तिथे तासांचा फरक पडतो. कंपनीचा चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. ही मुदत बऱ्याच जणांची हातची जाते.

आणखी एक सांगून ठेवते. तक्रारीनंतर महिनाभरात बाबांना फोन आला: 'तुमचे पैसे सुटलेत, फाईल चार्ज १२,००० भरा.' बुडालेल्यांच्या याद्या विकल्या जातात. आईबाबांना हे आधीच सांगून ठेवा. पैसे परत मिळवून देण्यासाठी पोलीस किंवा कोर्ट फोनवर पैसे मागत नाही.

साडेतीन लाखांचं पुढे काय होईल, ते अजून कोर्टात आहे. तक्रार द्यायला बाबा एकटे गेले नाहीत. सकाळीच काकांना फोन केला, "तुमचीही फाईल घेऊन या," म्हणाले, आणि दोघं एकाच स्कूटरवर गेले.