मेलेलं एन्झाइम जीएसटी पी१-१ पुन्हा चालू केलं

ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं मानवी जीएसटी पी१-१ (ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज, ग्लुटाथायोन दुसऱ्या रेणूला जोडणारं एन्झाइम) फ्रीजरमधून काढलं, तर सीडीएनबी या चाचणीच्या रसायनाबरोबर ३४० नॅनोमीटरला प्रकाशशोषणाची रेघ जवळपास आडवीच, म्हणजे काम बंद. बफरचा पीएच ६.५, ग्लुटाथायोन ताजं, म्हणजे दोष एन्झाइमचाच. या प्रथिनातलं ४७ नंबरचं सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) भलतंच हळवं. ऑक्सिडेशन झालं की १०१ नंबरच्या सिस्टीनशी डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंध जोडतं आणि काम थंडावतं. म्हणून हा बंध तोडणाऱ्या डीटीटी या रसायनात (५ मिलिमोलर) बर्फावर ठेवलं. पण डीटीटी स्वतःच सीडीएनबीशी भिडतं, ब्लँकच (एन्झाइम न घातलेला नमुना) चढायला लागतो! म्हणून डीटीटीसारखे लहान रेणू वेगळे करणाऱ्या डीसॉल्टिंग कॉलममधून एन्झाइम काढलं, बफरात धातूचे आयन पकडणारं ईडीटीए १ मिलिमोलर घातलं. रेघ झकास चढली. हो, सीडीएनबी हाताळताना ग्लोव्ह्ज हवेतच; कातडीला अ‍ॅलर्जी धरते.